मोबाइलमधलं शिसं कोणी काढलं?

वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या मोबाइलमध्ये सर्किट बोर्डावरचे शेकडो बारीक जोड कथील आणि शिसं यांच्या सोल्डरने केलेले असत. आजच्या मोबाइलमध्ये तेच जोड कथील, चांदी आणि तांबं यांच्या मिश्रणाचे असतात. लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करणारा एक धातू जगभरातल्या कोट्यवधी उपकरणांच्या जोडांमधून गेला. तो गेला म्हणून उद्योग बुडाला नाही, आणि फोन परवडेनासा झाला असंही कुणी म्हटलं नाही. पर्यावरणाच्या प्रश्नात इतक्या स्वच्छ यशाची उदाहरणं फार थोडी आहेत, म्हणून हे यश कशामुळे मिळालं ते नीट तपासलं पाहिजे. त्याचं कारण चुकीचं ठरवलं, तर पुढची सुधारणा मागायला आपण चुकीच्या दारात जाऊन उभे राहू.

या प्रश्नावर चार मतं आपल्याकडे हमखास ऐकू येतात. कंपन्या आता जबाबदार झाल्या आहेत, असं उद्योगातली माणसं म्हणतात. ग्राहक जागरूक झाला की कंपनीला बदलावंच लागतं, असं बाजारावर भरवसा ठेवणारे म्हणतात. आधी कारखाने येऊ द्या, कडक नियम लावाल तर ते दुसऱ्या देशात जातील, असं राज्यकर्ते म्हणतात. आणि चळवळीतले काही मित्र म्हणतात की हे सगळं थोतांड आहे, कंपन्या कधीच सुधारत नसतात. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी समोर ठेवल्या, तर या चारांपैकी एकही मत टिकत नाही.

शिशापासूनच सुरुवात करू. ते विषारी आहे हा शोध काही या शतकातला नव्हे; पेट्रोलमधून आणि घराच्या रंगांतून ते काढण्याची लढाई त्याआधी काही दशकं चालू होती. तरीही इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग शिशाचं सोल्डर वापरत राहिला, आणि त्यामागे तांत्रिक कारण होतं. कथील-शिशाचं नेहमीचं मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळतं. त्याच्या जागी आलेल्या मिश्रणाला सुमारे २१७ अंश लागतात. तापमान एवढं वाढलं की भट्ट्या बदलाव्या लागतात, बोर्डाचा मालमसाला बदलावा लागतो, आणि बोर्डावर बसणारा प्रत्येक सुटा भाग ती उष्णता सोसेल असा बनवून घ्यावा लागतो. एकट्या कंपनीने हे करायचं ठरवलं तर सगळा खर्च तिच्या डोक्यावर पडतो, आणि शेजारची कंपनी जुन्याच पद्धतीने स्वस्तात माल विकत राहते. अशा वेळी संचालक मंडळातल्या माणसाचं मन कितीही मोठं असलं तरी हिशेबापुढे ते हरतं.

मग २००३ साली युरोपीय संघाने एक निर्देश मंजूर केला. उद्योगात त्याला ‘रोह्स’ म्हणतात. शिसं, पारा, कॅडमियम, सहासंयुजी क्रोमियम आणि प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून वापरले जाणारे दोन ब्रोमीनयुक्त रसायनगट, अशा सहा गोष्टींवर त्याने मर्यादा घातली. कॅडमियमसाठी ०.०१ टक्का, बाकीच्यांसाठी ०.१ टक्का. १ जुलै २००६ ही तारीख ठरली. त्या दिवसापासून मर्यादा ओलांडणारं नवं उपकरण, काही ठरावीक अपवाद सोडले तर, युरोपच्या बाजारात येणार नव्हतं. या तारखेने हिशेबच बदलून टाकला. बदल सगळ्यांनाच आणि एकाच वेळी करायचा असल्यामुळे सुटे भाग बनवणाऱ्यांनी नवे भाग सगळ्यांसाठीच बनवले आणि एकट्याने पुढे जाण्याचा तोटा उरला नाही. युरोपसाठी एक आणि आशियासाठी दुसरा असा वेगळा माल काढणं महाग पडू लागलं, म्हणून जिथे तो कायदा लागू नव्हता तिथल्या ग्राहकांच्या हातातही बिनशिशाचा माल आला. पुण्या-मुंबईत विकल्या गेलेल्या फोनमधलं शिसं गेलं ते ब्रसेल्समध्ये ठरलेल्या तारखेमुळे.

इथे कुणी म्हणेल की जपानी कंपन्या आधीच पुढे गेल्या होत्या. खरं आहे. पॅनासॉनिकने १९९८ साली बिनशिशाच्या सोल्डरचा मिनिडिस्क प्लेअर बाजारात आणला, आणि त्याचं श्रेय त्यांच्या अभियंत्यांना दिलंच पाहिजे. पण त्याच वर्षी जपानच्या संसदेने घरगुती उपकरणं परत घेऊन त्यांचं रीसायकलिंग करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारा कायदा केला होता. युरोपातही शिशावरच्या बंदीची चर्चा सुरू झालेली होती. चांगल्या कंपन्यांना येणारा कायदा इतरांच्या आधी दिसतो. तो येणारच नसता, तर त्यांनी हे किती वेगाने केलं असतं?

सोनीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २००१ सालचा नाताळ तोंडावर आलेला. नेदरलँड्समध्ये सोनीच्या प्लेस्टेशनचे सुमारे १३ लाख संच सरकारी यंत्रणेने अडवले, कारण त्यांच्या केबलमध्ये त्या देशाच्या मर्यादेपेक्षा जास्त कॅडमियम सापडलं. केबल सोनीची नव्हती, कुठल्यातरी पुरवठादाराची होती, आणि आपल्या यंत्राच्या वायरीत काय आहे हे सोनीसारख्या कंपनीलाही ठाऊक नव्हतं. या घटनेनंतर सोनीने पुरवठादारांची तपासणी करून त्यांना मान्यता देण्याची ‘ग्रीन पार्टनर’ व्यवस्था उभी केली. आज जगभरातले पुरवठादार आपल्या मालाची रासायनिक तपासणी करून अहवाल देतात, त्या पद्धतीला या घटनेने मोठी चालना दिली. सोनीची पर्यावरणाची धोरणं कॅडमियम सापडण्याच्या आधीही छापलेली होती. तपासणी मात्र गोदामाला कुलूप लागल्यावर सुरू झाली.

स्वेच्छेच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा चिप उद्योगाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. चिप कोरताना आणि यंत्रं साफ करताना पीएफसी नावाचे वायू वापरतात. ते कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तीव्रतेने पृथ्वी तापवतात. जागतिक सेमीकंडक्टर परिषदेने १९९९ साली, कोणताही कायदा नसताना, १९९५ च्या तुलनेत २०१० पर्यंत हे उत्सर्जन १० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, आणि प्रत्यक्षात ते ३२ टक्क्यांनी कमी केलं. हे यश आहे. पण त्याची परिस्थिती बघा. १९९७ च्या क्योटो कराराने या वायूंचं नाव यादीत घातलेलं होतं, म्हणजे आपण स्वतःहून काही केलं नाही तर सरकारं करतील हे उद्योगाला दिसत होतं. शिवाय अमेरिका, जपान, युरोप, कोरिया आणि तैवानच्या कंपन्यांनी हे वचन एकत्र दिलं, आकडा आणि साल ठरवून दिलं, आणि मोजून जाहीर केलं. स्वेच्छा सफल झाली ती कायद्याची जवळजवळ सगळी हत्यारं उसनी घेऊन.

ती हत्यारं नसली की काय होतं, तेही आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे. फोनचा चार्जर एकसारखा असावा म्हणून २००९ साली युरोपात मोठ्या कंपन्यांनी स्वेच्छेने एक करार केला. प्रकार कमी झाले, हे मान्य. पण ॲपलने आपली वेगळी पिन सोडली नाही, ॲडॅप्टर देऊन वेळ मारून नेली, आणि तो करार २०१४ मध्ये संपला. त्यानंतरची वर्षं बोलण्यात गेली. २०२२ मध्ये कायदा झाला, २८ डिसेंबर २०२४ ही तारीख लागली, आणि सप्टेंबर २०२३ मध्येच यूएसबी-सी पिनचा आयफोन आला. दहा वर्षं जे जमत नव्हतं, ते तारीख लागल्यावर मुदतीच्या आधी जमलं.

आता ग्राहकाकडे येऊ. ग्राहकाला दोष देण्यात मला रस नाही. त्याला दिसतच नाही, तर तो निवड कशाच्या आधारावर करणार? दुकानात काचेआड ठेवलेले दोन फोन सारखेच चकचकीत असतात. कुठल्या कारखान्याने सांडपाणी तसंच सोडलं, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. तरीही ग्राहकाच्या जागृतीने कंपनी बदलते याचं उदाहरण म्हणून ॲपलची गोष्ट सांगितली जाते, म्हणून ती तपासू.

ऑगस्ट २००६ मध्ये ग्रीनपीसने इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना गुण देणारी यादी काढली. नोकिया आणि डेल वर होत्या, ॲपलला १० पैकी २.७ गुण मिळाले, लेनोव्हो सगळ्यांत खाली होती. पाठोपाठ ॲपलविरुद्ध मोहीम सुरू झाली, आणि ती चालवणारे बहुतेक लोक ॲपलचे चाहतेच होते. २ मे २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून पीव्हीसी आणि ब्रोमीनयुक्त रसायनं २००८ अखेरपर्यंत काढून टाकण्याचं वचन दिलं. या सगळ्या काळात ॲपलचा खप उतरला होता का? मुळीच नाही. आयपॉड धडाक्यात खपत होता, आयफोनची घोषणा होऊन चार महिने झाले होते. ग्राहकाने पाकिटातून दिलेलं मत ॲपलच्या बाजूनेच होतं. कंपनीला बोचली ती यादीतली जागा: नाव, गुण, आणि वर बसलेले प्रतिस्पर्धी. लेनोव्होलाही तेच बोचलं असणार, कारण ऑगस्टमध्ये तळाला असलेली ही कंपनी पुढच्या एप्रिलमध्ये पहिली आली.

याच ॲपलने २०१२ च्या उन्हाळ्यात आपली यंत्रं ‘ईपीट’ या अमेरिकी पर्यावरण-नोंदवहीतून काढून घेतली. सामान्य ग्राहकाला ती नोंदवही ठाऊकच नव्हती. ठाऊक होती ती सरकारी खरेदी अधिकाऱ्यांना, कारण जानेवारी २००७ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांना आपली ९५ टक्के इलेक्ट्रॉनिक खरेदी या नोंदवहीतून करण्याचा अध्यक्षीय आदेश होता. ॲपल बाहेर पडल्याची बातमी येताच सॅन फ्रान्सिस्को शहराने जाहीर केलं की यापुढे पालिकेच्या पैशातून मॅक घेतले जाणार नाहीत. शहराच्या संगणकांत मॅक अगदीच थोडे होते, पण उद्या विद्यापीठं आणि केंद्राची खाती हेच करतील, हे उघड होतं. १३ जुलैला ॲपलने चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि यंत्रं परत नोंदवली. लाखो ग्राहकांच्या सदिच्छेला वर्षं लागली असती, ते काम निविदेतल्या एका अटीने काही दिवसांत केलं.

राज्यकर्त्यांचं मत उरलं: नियम कडक केले तर उद्योग पळतील किंवा मरतील. हा इशारा या उद्योगाने पूर्वीही ऐकवला आहे. १९८० च्या दशकात सर्किट बोर्ड धुण्यासाठी सीएफसी-११३ नावाचं द्रावण वापरत. ओझोनचा थर विरण्यामागे ही द्रव्यं आहेत हे पुढे आलं, तेव्हा याला पर्याय नाही असं सांगितलं जात होतं, आणि अमेरिकी लष्कराच्या खरेदीच्या मानकांमध्ये तर तशी धुलाई गृहीतच धरलेली होती. १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला. पुढच्याच वर्षी कॅनडाची नॉर्दर्न टेलिकॉम आणि जपानची सेइको एप्सन यांनी सीएफसी-११३ सोडण्याचं जाहीर केलं, आणि काही वर्षांत सोडलंही. बोर्ड धुवायची गरजच पडू नये असा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट बसावं म्हणून लावायचा लेप, निघाला, काही ठिकाणी साधं पाणी पुरलं. द्रावण विकत घेण्याचा खर्चही वाचला. ज्याला पर्याय नाही असं सांगितलं जात होतं, त्याचा पर्याय शोधायला कुणाला भागच पडलं नव्हतं, एवढाच त्या दाव्याचा अर्थ निघाला.

‘आधी कारखाने, मग नद्या’ हा क्रम किती महाग पडतो, ते सिलिकॉन व्हॅलीला विचारा. धुराडं नसलेला स्वच्छ उद्योग म्हणून चिपचं तिथे स्वागत झालं होतं. १९८१ च्या अखेरीस दक्षिण सॅन होझेत फेअरचाइल्ड कंपनीच्या जमिनीखालच्या टाकीतून द्रावणं झिरपून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरल्याचं उघड झालं. आसपासच्या आयांनी आपल्या भागातले गर्भपात आणि बाळांचे जन्मदोष मोजायला सुरुवात केली. आज अमेरिकेत सर्वांत जास्त ‘सुपरफंड’ म्हणजे अतिदूषित जागा असलेला जिल्हा सांता क्लारा आहे. त्याच्या वाट्याला अशा २३ जागा आल्या. तिथलं भूजल उपसून साफ करण्याचं काम कारखाने गेल्यानंतरही दशकानुदशकं चालू राहिलं. तैवानमध्ये ताओयुआनचा आरसीएचा टीव्ही कारखाना १९९२ मध्ये बंद झाला, दूषित पाणी १९९४ मध्ये उघडकीला आलं, आणि कर्करोग झालेल्या कामगारांच्या भरपाईचे खटले त्यानंतर वीस वर्षं आणि अधिक चालले. कारखाना आणणारी सरकारं तोवर गेलेली असतात. पाणी तिथल्याच लोकांना प्यावं लागतं.

आणि कामगार? दक्षिण कोरियात सॅमसंगच्या गिहुंग कारखान्यात चिपच्या चकत्या रसायनात बुडवण्याचं काम करणारी ह्वांग यू-मी मार्च २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. वय अवघं २२. तिच्या वडिलांनी, ह्वांग सांग-गी यांनी, टॅक्सी चालवत हा लढा चालवला. तिच्याबरोबर काम करणारी आणखी एक मुलगी त्याच आजाराने गेल्याचं त्यांना कळलं, मग अशी आणखी नावं पुढे येत गेली. कारखान्यात कोणती रसायनं वापरली, हे विचारलं की उत्तर मिळायचं, ते व्यापारी गुपित आहे. कंपनीने पहिली माफी मागितली २०१४ मध्ये, आणि ठरलेल्या भरपाईसह पूर्ण माफी नोव्हेंबर २०१८ मध्ये. एका बापाची अकरा वर्षं यात गेली. उद्योग पळून जाईल या भीतीने नियम सैल ठेवा म्हणणाऱ्यांनी या बापाला काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवावं.

सर्वांत अवघड जातं ते चळवळीतल्या मित्रांना उत्तर देणं, कारण त्यांच्या रागाला आधार आहे. बिनशिशाचा, ‘रोह्स’ पास झालेला फोन म्हणजे स्वच्छ फोन नव्हे, हे ते म्हणतात ते अगदी खरं. चीनमधल्या सुझोऊ शहरात विनटेक या कारखान्यात ॲपलसाठी स्पर्शपडदे बनत. ते पुसायला अल्कोहोल वापरत, ते लवकर वाळेना म्हणून एन-हेक्सेन आणलं. ते झटकन उडतं, त्यामुळे कामाचा वेग वाढतो. ते श्वासातून शरीरात जाऊन हातापायांच्या नसा निकामी करतं. २००९ च्या सुमारास तिथल्या १३७ कामगारांना विषबाधा झाली. आता पडद्यावर एन-हेक्सेनचा थेंबही उरत नाही. फोनची रासायनिक तपासणी करा, अहवाल निर्दोष येईल. युरोपचा कायदा वस्तूच्या आत काय आहे ते पाहतो; ती बनवताना कुणाच्या श्वासात काय गेलं, ते त्याला दिसत नाही. शिशाची जागा घेणारं कथील इंडोनेशियाच्या बांका बेटावर जमीन आणि समुद्र खरवडून काढलं जातं, तेही त्याला दिसत नाही.

पण यावरून कंपन्या सुधारत नाहीत असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की जिथे मोजमाप झालं आणि त्याचे परिणाम भोगावे लागले, नेमका तेवढाच भाग सुधारला. चिनी पर्यावरण कार्यकर्ते मा जुन यांनी २००६ मध्ये एक संस्था काढली आणि सरकारी दप्तरांतल्या प्रदूषणाच्या नोंदी गोळा करून, कारखान्याच्या नावासह, सगळ्यांना पाहता येतील अशा मांडल्या. जानेवारी २०११ मध्ये ३६ चिनी संस्थांनी मिळून २९ कंपन्यांची तुलना जाहीर केली. पुरवठादारांबद्दल बोलायलाच तयार नसलेली ॲपल त्यात शेवटची होती. पुढच्या महिन्यात ॲपलने १३७ कामगारांची गोष्ट अधिकृतपणे मान्य केली, मा जुन यांच्या संस्थेशी बोलणी सुरू केली, आणि २०१४ मध्ये शेवटच्या जुळणीच्या टप्प्यावर बेंझिन आणि एन-हेक्सेन वापरायला बंदी केली. मा जुन यांच्या संस्थेने त्याच वर्षी पुरवठा साखळीची क्रमवारी सुरू केली, तेव्हा ॲपल पहिली होती. ‘काहीच बदलत नाही’ हे वाक्य त्या यादीने खोटं ठरवलं. आणि मला ते वाक्य घातकही वाटतं, कारण मग कुणी यादीही करत नाही आणि तारीखही मागत नाही. कंपन्यांना याहून सोयीचं दुसरं काय हवं?

कंपनीच्या मनात पश्चात्ताप होता की नुसती भीती, यात मला फारसं स्वारस्य नाही. एन-हेक्सेन गेलं की कामगाराची नस वाचते, हेतू कोणताही असो. सगळ्यांना सारखी लागणारी तारीख, न पाळल्यास बंद होणारा बाजार, मोठ्या खरेदीदाराने घातलेली अट, आणि नावानिशी प्रसिद्ध होणारी माहिती यांनी आजवर काम केलं आहे. यांतलं एक जरी निसटलं तरी उरलेल्यांची धार जाते.

हे सगळं आपल्याकडे आता का बोलायचं? कारण हा उद्योग आता आपल्या अंगणात येतो आहे. तामिळनाडूत आणि नोएडात फोन जुळवले जात आहेत, गुजरातेत साणंद आणि धोलेऱ्याला चिपचे प्रकल्प उभे राहत आहेत, पुण्याजवळ रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्सच्या समूहाला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आहे. ते यावेत, मराठी मुलामुलींना तिथे चांगलं काम मिळावं, अशीच माझी इच्छा आहे. पण सांता क्लारा, ताओयुआन आणि गिहुंगचा अनुभव हाताशी असताना आपण तो पुन्हा घ्यायचा का?

आपल्या आजवरच्या कायद्यांनी यातला अर्धाच धडा घेतला आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये आले. किती कचरा परत घ्यायचा याचा आकडाच त्यांत नव्हता, त्यामुळे फारसं काही झालं नाही. आकडे आले २०१६ च्या नियमांत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत उत्पादकाने नोंदणीकृत रीसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन आपला कोटा भरायचा आहे. आकडा आहे, तारीख आहे. पण प्रमाणपत्र खरं आहे की नाही, हे कोण बघतो? प्लास्टिकच्या अशाच व्यवस्थेत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला २०२३ मध्ये गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कंपन्यांनी काढलेली सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रं सापडली. शिवाय ई-कचऱ्याची प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवरच मिळतात. काढून कमाई होते ते मोजलं जातं, आणि जे सांभाळून बाजूला काढायला हवं ते शिसं आणि पारा या हिशेबात येत नाहीत. कुर्ल्यात आणि साकीनाक्यात उघड्या हातांनी बोर्ड फोडणाऱ्या माणसाचं तर या व्यवस्थेत नावच नाही.

खरं काम करणाऱ्या रीसायकलरला परवडावं म्हणून सरकारने २०२४ मध्ये किमान दर ठरवला. घरगुती उपकरणांसाठी तो किलोला २२ रुपये आहे. एलजी, सॅमसंग, डायकिन आणि व्होल्टाससारख्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर ठरवणं हे सरकारचं काम नाही आणि खर्च कित्येक पट वाढतो, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयात जाणं हा त्यांचा हक्क आहे. पण किलोमागे २२ रुपयांवर जिथे भांडण होतं, तिथे जबाबदारी स्वखुशीने स्वीकारली जाईल अशी आशा मला तरी ठेवता येत नाही. हा किमान दर टिकला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो नसेल तर सर्वांत स्वस्त प्रमाणपत्र विकलं जातं, आणि सर्वांत स्वस्त प्रमाणपत्र बहुधा काम न करताच निघतं.

माहितीच्या बाबतीत तर आपलं दुःख आणखी खोल आहे. भोपाळमध्ये १९८४ साली हजारो माणसं मेली. त्या धक्क्याने अमेरिकेने १९८६ साली कायदा केला, की कारखान्यातून कोणतं विषारी रसायन वर्षाला किती बाहेर पडलं ते नावानिशी प्रसिद्ध झालंच पाहिजे. त्याच याद्यांच्या आधारे सॅन होझेच्या लोकांनी आयबीएमच्या कारखान्यातून किती सीएफसी-११३ हवेत जातं हे दाखवून दिलं, आणि कंपनीला ते थांबवण्याचं वचन द्यावं लागलं. भोपाळच्या मृतांनी कॅलिफोर्नियातल्या शेजाऱ्याच्या हातात हे साधन दिलं. आपल्याकडे १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना आणि शेजाऱ्यांना धोक्याची माहिती देण्याची तरतूद झाली खरी, पण कुणालाही उघडून पाहता येईल अशी, कारखानावार आणि रसायनवार यादी आजही नाही.

ती करायला महाराष्ट्राला कुणाची परवानगी मागायची गरज नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली आणि ती नावानिशी जाहीर केली. चांगलीच योजना, पण ती धुराड्यातल्या धूलिकणांपुरती आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्याला धुराडं नसतं. त्याचं विष सांडपाण्यात, जमिनीखालच्या टाकीत आणि कामगाराच्या श्वासात असतं. रांजणगावच्या समूहात पुढचा नवा कारखाना सुरू होण्याआधी ही ताऱ्यांची योजना द्रावणं, सांडपाणी आणि कामगारांच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांपर्यंत नेली पाहिजे, आणि रसायनांच्या नावांना व्यापारी गुपित म्हणण्याची मुभा परवानगीच्या अटीतच काढून घेतली पाहिजे. कारखाना उभा राहिल्यावर ही अट घालायला गेलं की गिहुंगसारखी अकरा वर्षं जातात.

वाचकांकडे माझं एक मागणं आहे. घरासाठी फोन घेताना तुम्ही काय निवडता, यावर मी काही सांगणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी शाळेच्या व्यवस्थापनात असेल, कुणी पतसंस्थेत, नगरपालिकेत, विद्यापीठात किंवा सरकारी खात्यात खरेदीच्या फाइलीवर सही करणारा असेल. पुढच्या वेळी शंभर संगणकांची निविदा काढाल, तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारी आणखी काही रकाने घाला: यंत्र किती वर्षं दुरुस्त करून मिळेल, सुटे भाग कुठे मिळतील, जुनं यंत्र कोणता नोंदणीकृत रीसायकलर परत नेईल, आणि पडदा व बोर्ड कोणत्या कारखान्यात बनले. पहिल्या वेळी बहुतेक विक्रेते ते रकाने कोरे सोडतील. कोऱ्या रकान्याची निविदा नाकारा, आणि ती का नाकारली हे सूचना फलकावर कंपनीच्या नावासह लावा.